बंक बेडवाली कॅराव्हॅन: आधी सगळ्यांनी झोपून बघा, मग ॲडव्हान्स द्या

बंक बेडवाली कॅराव्हॅन, म्हणजे आत एकावर एक बेड असलेली राहायची-झोपायची गाडी, बघायला निघालात की जाहिरातीतलं 'सहा जणांची झोपायची सोय' हे वाक्य सगळ्यात आधी डोक्यातून काढून टाका. तो आकडा कोणीतरी गाडीतल्या सगळ्या सपाट जागा मोजून काढलेला असतो, जेवायचं टेबल खाली पाडून वर गादी टाकली की दोन, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा म्हणजे दोन, मागचे बंक दोन, झाले सहा. आता तुमच्या सहामध्ये गुडघेदुखीवाल्या सासूबाई आहेत, दर दोन महिन्यांनी ज्याच्या पँटी आखूड होतात असा बारा वर्षांचा मुलगा आहे, झोपेत गोल फिरणारी पाच वर्षांची मुलगी आहे, याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो.

मग बघायचं काय, तर आपल्या घरातलं कोण कुठे झोपणार हे नावानिशी कागदावर लिहायचं आणि गाडी त्या कागदाप्रमाणे जमते का ते बघायचं, बस. एसी किती टनाचा, टीव्ही किती इंची, बाहेर छत उघडतं का, हे सगळं नंतर. दाखवणारे बरोब्बर उलटं करतात, आधी टीव्ही आणि निळे एलईडी लावून दाखवतात, पोरं तिथेच हुरळतात आणि पोरं हुरळली की आईबापांच्या तोंडाला कुलूप.

भाड्याने, बनवून घेऊन, की गाडीमागे ट्रेलर

मुंबईत विकत घेऊन ठेवणार कुठे हा प्रश्न आहेच. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दुसऱ्या कारचं स्टिकर मिळवताना कमिटीशी जी बोलणी होतात ती बघता वीस फुटी कॅराव्हॅनची परवानगी मागायला जायची माझी तरी हिंमत नाही. गावाला वाडा-अंगण असेल, कर्जत-बदलापूरला प्लॉट असेल तर गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी सरळ भाड्याने घ्यावी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर मुंबई-पुण्याकडे अशा गाड्या भाड्याने देणारे बरेच दिसायला लागलेत.

यात मोटर कॅराव्हॅन वेगळी आणि ट्रेलर वेगळा हे आधी समजून घ्या, लोक दोन्हीला कॅराव्हॅनच म्हणतात. मोटर कॅराव्हॅन म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर, अर्बानिया, विंगर अशा व्हॅनवर किंवा मोठी असेल तर बसच्या चासीवर बांधलेली, इंजिन तिचं तिलाच. ट्रेलर म्हणजे बिनइंजिनाचा डबा, तो एसयूव्हीच्या मागे हूक लावून ओढायचा. अमेरिका-ऑस्ट्रेलियात ट्रेलरच जास्त चालतात आणि मागच्या टोकाला बंक असलेल्या मॉडेलला अमेरिकेत बंकहाऊस म्हणतात. आपल्याकडे मिळणारी बहुतेक मोटर कॅराव्हॅनच असते, म्हणून मी आधी तिच्याबद्दल बोलते, ट्रेलरचं पुढे, कारण आपल्यातल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी तिकडे आहेच आणि सुट्टीत 'वहिनी या, ट्रेलर घेऊन नॅशनल पार्क करू' असा फोन येतोच.

कागद बघायला दहा मिनिटं द्या

हा कंटाळवाणा भाग आहे पण इथेच बरेच जण गळतात. नंबर प्लेट बघा. ड्रायव्हरसकट भाड्याने देत असतील तर पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं, सेल्फ ड्राइव्हला देत असतील तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी 'ओळखीत देतो' म्हणालं तर नको, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करणार आणि तुम्ही बसणार कपाळाला हात लावून.

मग आरसीवरची सीटिंग कपॅसिटी बघा. झोपायला सहा आणि आरसीवर बसायला चार, अशा गाड्या असतात. रात्री सहा जण झोपतील हो, पण दिवसा ती सहा माणसं ठाण्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत बसणार कुठे? बंकवर मुलांना झोपवून गाडी चालवणं हा प्रकार सगळीकडे सर्रास चालतो आणि मला तो बघवत नाही, घाटात एक जोराचा ब्रेक लागला तर वरच्या बंकवरचं पोर थेट समोरच्या कपाटावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. प्रत्येक माणसाला पुढे तोंड असलेली बेल्टवाली सीट आहे का, एवढंच मोजा. आडव्या सोफ्यावर बसून गप्पा मारायला मजा येते ती गाडी उभी असताना.

स्वतः चालवायची असेल तर लायसन्सचं कोडं पूर्वीइतकं राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटर वाहनाच्या, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची ट्रान्सपोर्ट गाडीसुद्धा चालवता येते. तरी मी म्हणेन ड्रायव्हर घ्या. एवढी लांब गाडी कशेडी किंवा आंबा घाटात पहिल्यांदाच हातात घ्यायची आणि मागून बायको-पोरांच्या सूचना ऐकायच्या, याला सुट्टी म्हणत नाहीत. मात्र ड्रायव्हर घेतला की तो झोपणार कुठे हेही त्या कागदावर लिहा, त्याला पुढच्या सीटवर अंग चोरून झोपवून दुसऱ्या दिवशी घाट उतरायला लावायचा नाही.

जुनी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये बंक ठोकून घ्यायचे मनात असेल तर थांबा. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे आणि कलम ५२ प्रमाणे मूळ नोंदणीत नसलेले बदल परवानगीशिवाय चालत नाहीत. सुतार चांगला असून भागत नाही, आरटीओत पास व्हायला पाहिजे.

आता बंक

टेप घेऊन जा. दाखवणाऱ्याला थोडं विचित्र वाटेल, वाटू द्या.

रुंदी: लहान ट्रेलर आणि व्हॅनमध्ये बंक २८ इंचांच्या आसपास असतो, कधी त्याहूनही कमी. आपल्या घरातला सिंगल बेड ३६ इंची. हा फरक कागदावर कळत नाही म्हणून निघायच्या आधी घरीच एक करा, हॉलमधला टीपॉय बाजूला घ्या, फरशीवर २८ बाय ७२ इंचांचा चौकोन वर्तमानपत्रं जोडून करा, कडेला चिकटपट्टी लावा आणि त्यावर पोराला झोपवून कूस बदलायला सांगा. आमच्या मोठ्याचा हात आणि एक अख्खा गुडघा चौकोनाबाहेर, आणि धाकटी त्यात उशी, टेडी आणि स्वतः अशी आरामात मावली. कोणाला बंक आणि कोणाला सोफा याचा निकाल तिथेच लागला, भांडण नाही काही नाही. लांबीला मुलाच्या उंचीपेक्षा चार-पाच इंच जास्त धरा, बारा-तेराच्या मुलाला तर त्याहून जास्त, गाडी बनवून घेताय आणि पाच वर्षं वापरायची आहे तर बापाच्या उंचीचाच बंक करून घ्या.

दोन बंकमधलं अंतर: गादीच्या वरच्या पातळीपासून मोजायचं, फळीपासून नाही. दहा वर्षांच्या मुलाला ताठ बसायला साधारण अडीच फूट लागतात. तेवढं क्वचितच मिळतं, आणि नसेल तर तो बंक फक्त झोपायचा, पावसात पोरं तिथे बसून पत्ते खेळतील या भ्रमात राहू नका.

कठडा, हे जरा नीट वाचा. वरच्या बंकच्या कठड्याची वरची कड गादीच्या वर किमान ५ इंच हवी आणि कठड्यातल्या फटी साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या नकोत, अमेरिकेत घरच्या बंक बेडसाठी हाच नियम आहे. साडेतीन इंच का, तर त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचं धड सरकतं आणि डोकं अडकतं. सहा वर्षांखालचं मूल वरच्या बंकवर नको, हे तर युरोप-अमेरिकेत बेडवरच लिहिलेलं असतं. आपल्याकडे गंमत अशी होते की गाडी बनवताना कठडा बरोबर मापाचा लावतात, मग कोणीतरी पाहुणा म्हणतो गादी कडक आहे, मग मालक वर अजून एक चार इंची फोम टाकतो, आणि कठडा राहतो नावाला. गादी दाबून नाही, न दाबता मोजा.

वजन किती झेपेल ते लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. परदेशी ट्रेलरमध्ये हे आकडे साधारण १५० ते ३०० पौंड म्हणजे ६८ ते १३६ किलो असे दिसतात. ६८ किलोच्या बंकवर गोष्ट सांगायला बाबा पण चढले की संपलं. इकडच्या गाडीत आकडा कोणालाच माहीत नसतो, 'अहो मॅडम हत्ती बसला तरी काही होत नाही' असं उत्तर येतं, तेव्हा खालून बघा, फ्रेम लोखंडी चौकोनी पाइपची आहे की नुसती प्लायला पट्ट्या मारल्यात, आणि ती गाडीच्या बॉडीला बोल्टने बसवलीये की स्क्रूने. व्हॅन रस्त्यावर दिवसभर हादरते, स्क्रू हळूहळू सैल होतात.

घडीचे बंक असतील, म्हणजे दिवसा सोफ्याची पाठ आणि रात्री वर उचलून बंक, तर तो आपल्या थ्री टियरचा मिडल बर्थच झाला, आणि मिडल बर्थची साखळी नीट अडकली नाही तर काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको. (रेल्वेने मध्यंतरी साइड मिडल पण आणून बघितला होता, लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की काढून टाकावा लागला. कॅराव्हॅनवाले अजून त्या मोहात आहेत, तीन मजली बंक दिसला तर नमस्कार करून पुढे जा.) घडी स्वतः उघडून बंद करून बघा, लॉकचा आवाज येतो का, बोट चेपायची जागा कुठे आहे, आणि रात्री दहा वाजता दमलेल्या माणसाला हे एकट्याने जमेल का.

शिडी नुसती हूकवर टांगलेली असते. खाली रबर आहे का, पायऱ्या गोल पाइपच्या आहेत की चपट्या, अनवाणी पायाला गोल पाइप रुततो आणि मग पोरं शिडी सोडून सोफ्याच्या हातावरून उड्या मारतात. रात्री बाथरूमला उतरताना ती शिडी नेमकी खालच्या बंकवाल्याच्या तोंडापुढे येते का, तेही बघा.

आता गादी उचला. हो, सगळ्यांसमोर. गादीच्या खालच्या बाजूला आणि प्लायवर काळे ठिपके दिसले, कुबट वास आला, तर ओल आहे. मुंबई-कोकणाच्या हवेत बंद गाडीत गादीखाली हवा खेळत नसेल तर बुरशी धरतेच, म्हणून फळीला भोकं किंवा पट्ट्यांमध्ये फटी हव्यात. प्लायची कड नखाने दाबून बघा, फुगून पापुद्रे सुटलेत का. बनवून घेत असाल तर आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लायच मागा, आयएस ३०३ वाला स्वस्त पडतो पण दोन पावसाळ्यांनी त्याची किंमत कळते.

मग सगळ्यांना चपला काढून झोपायला लावा, खरंच. पडदे ओढा, दार लावा, एसी चालू करा आणि पंधरा मिनिटं गप्प पडून राहा. वरच्या बंकवाल्याच्या थेट कपाळावर एसीचा झोत येतो का, की तिथे हवा पोचतच नाही? गरम हवा वर साठते त्यामुळे एसी बंद झाला की सगळ्यात आधी वरचं पोर घामाघूम होतं, तेव्हा बंकजवळ उघडणारी खिडकी आणि तिला मच्छरदाणीची जाळी पाहिजेच. प्रत्येक बंकला स्वतःचा छोटा दिवा आणि चार्जिंग पॉइंट असला की रात्रीची निम्मी कटकट वाचते. आणि बंक मागच्या टोकाला असतील आणि स्वयंपाकाचा ओटा मधे, तर आग लागली की मुलं पलीकडे अडकली, म्हणून मागे दार किंवा पूर्ण उघडणारी इमर्जन्सी खिडकी आहे का आणि ती लहान मुलाला आतून उघडता येते का हे मुलाकडूनच उघडवून बघा.

आजीचं मात्र वेगळं. खालचा बंक बऱ्याचदा जमिनीपासून जेमतेम फूटभर असतो, खाली सामानाचा कप्पा नसेल तर त्याहून खाली. सासूबाई त्यात बसल्या तर उठताना दोन माणसं लागतील. त्यांना १७-१८ इंच उंचीची, बाजूला धरायला काहीतरी असलेली जागा द्या, मग तो सोफा का असेना. पण टेबल पाडून केलेला बेड त्यांना देऊ नका, कारण त्या नऊला आडव्या होणार आणि तुम्हाला अकरापर्यंत चहा घेत बसायचंय, मग तुम्ही सगळे बाहेर खुर्च्या टाकून डास मारत बसणार. टेबलवाला बेड सगळ्यात शेवटी झोपणाऱ्यांचा, बहुतेक घरांत म्हणजे नवराबायकोचा.

ट्रेलर घेणार असाल तर

इथे वजनाचं गणित आलं. ट्रेलरवर दोन आकडे असतात, रिकाम्याचं वजन आणि भरल्यावर जास्तीत जास्त किती. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरात असतो. दोघांतला फरक म्हणजे तुमचं पाणी, गॅस, कपडे, भांडी, पोरांच्या सायकली सगळं धरून. एक लिटर पाणी एक किलो, म्हणजे दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच गेले. ओढणारी गाडी किती ओढू शकते ते तिच्या मॅन्युअलमध्ये बघा, 'माझी एसयूव्ही काय पण ओढेल' हे मॅन्युअल नाही, आणि त्या आकड्यातही गाडीत बसलेली माणसं आणि सामान धरायचं असतं. भरून झाल्यावर वजनकाट्यावर घेऊन जा, हायवेला ट्रकवाल्यांचे काटे असतातच.

बंकवाल्या ट्रेलरची खास भानगड सांगते. अमेरिकन पद्धतीत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हूकवर यायला हवा, म्हणजे हजार किलोच्या ट्रेलरला शंभर ते दीडशे. बंक असतात मागच्या टोकाला, आणि प्रवासात रिकाम्या बंकवर आपण काय करतो, तर सगळ्या बॅगा, तांदळाची पिशवी, पाण्याचे कॅन तिथे रचतो. मागचा भार वाढला की हूकवरचा कमी होतो आणि वेग घेतला की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा झोकांड्या खायला लागतो, एकदा का ते सुरू झालं की ओढणारी गाडीसुद्धा वाहवत जाते. जड सामान चाकांच्या वर किंवा थोडं पुढे, जमिनीलगत, आणि बंकवर फक्त उशा-पांघरुणं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

भारतात ट्रेलर हे कायद्याने वेगळं मोटर वाहन आहे, त्याची नोंदणी आणि इन्शुरन्स वेगळा. शिवाय तो रिव्हर्स घेणं ही एक कला आहे, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, आणि कोकणातल्या बोळात समोरून लालपरी आली की ही कला तुम्हाला तिथेच शिकावी लागते. इथल्यासाठी माझं मत मोटर कॅराव्हॅनलाच.

पाणी, संडास, वीज

सहा माणसांनी एकेक बादली आंघोळ केली की शंभर लिटर गेले, त्यामुळे आतला शॉवर फोटोपुरता समजा आणि आंघोळ जिथे मुक्काम तिथल्या बाथरूमला. संडास बहुतेक कॅसेटवाला असतो, खाली अठरा-वीस लिटरचा डबा, सहा जणांत तो दीड-दोन दिवसांत भरतो. कोण रिकामा करणार आणि कुठे, हे बुकिंगलाच विचारा, ड्रायव्हर करणार असेल तर त्याला त्याचे वेगळे पैसे आहेत ना हेही विचारा.

वीज. १२ व्होल्ट १०० एएचची बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट, आणि एक टनाचा एसी तासाला जवळपास एक युनिट खातो, म्हणजे अशा एका बॅटरीवर एसी तासभर चालला तरी नशीब. रात्रभर एसी हवा तर बाहेरून लाइनच घ्यायची, जनरेटरवर नाही, का ते खाली सांगते. बाहेरून घेताना १६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंगसकट, आणि वायर किमान २.५ स्क्वेअर एमएमची, घरातली टेबल फॅनची एक्स्टेन्शन लावली की ती गरम होऊन वितळते. गाडीत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असावा, पावसात ओल्या पायाने दाराला हात लावणार आहात.

जनरेटरबद्दल मी कडक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृत सापडले, जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. एसी लावून सगळं बंद करून झोपताना खाली जनरेटर चालू, ही ती नेमकी परिस्थिती. जनरेटर लावून झोपायचं नाही, आणि बंकजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर ऑनलाइन मिळतो तो विकत घ्या आणि स्वतःबरोबर न्या, भाड्याच्या गाडीतही. थंडीत भंडारदऱ्याला आत शेगडी पेटवून हात शेकणाऱ्यांनाही हेच लागू.

पाऊस आणि रस्ता

जून ते सप्टेंबर गाडी घेणार असाल तर गाडी बघायला जातानाच छतावर पाइपने पाणी मारायला सांगा. पाणी येतं ते एसीसाठी कापलेल्या भोकाच्या कडेने, छतातल्या खिडकीतून आणि मागच्या वरच्या कोपऱ्यांतून, आणि मागचा वरचा कोपरा म्हणजे कोण, वरचा बंक. तिथल्या लायनिंगवर पिवळट वर्तुळं दिसली तर एकदा गळून गेलंय.

रूफ एसीसकट उंची किती ते एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, हाइट बारखाली गेल्यावर आठवून उपयोग नाही. पहिल्या ट्रिपला अवघड घाट नको. समृद्धी जून २०२५ पासून नागपूरपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे, भिवंडीजवळच्या आमण्यावरून चढलं की इगतपुरीकडे जाताना कसारा घाट चुकतो, मुलांना उलट्या होत असतील तर हा एवढा फायदा पुरेसा आहे. अलिबागकडे अटल सेतूवरून जाता येतं, किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट, पण तिथे आणि पुढे दाभोळ, जयगड, दिघीच्या जंगलजेटींवर (गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी) आधी फोन करून गाडीची लांबी-उंची सांगा. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा उतार बदलतो आणि मागच्या चाकांच्या मागे बॉडी जास्त लांब असेल तर चढताना तिची शेपटी जमिनीला घासते, नेमकी तिथेच संडासाच्या टाकीचा पाइप असतो, पुढचं मी सांगत नाही.

मुक्काम कुठे, हे ठरवल्याशिवाय निघू नका. पुळणीवर गाडी नेऊ नका, रुतली तर ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं. एमटीडीसीच्या रिसॉर्टचं आवार, ओळखीचं फार्महाऊस, कोकणात घरगुती खाणावळवाल्यांचं अंगण, हे बरं. जागा सपाट हवी, बंकचं डोकं उताराला आलं की पोरं रात्रभर खाली सरकत राहतात, त्यामुळे मोबाइलवरचं लेव्हलचं ॲप उघडून बंकवर ठेवा आणि लागेल त्या चाकाखाली लाकडी ठोकळे घालून गाडी पुढे-मागे घ्या.

पैसे देताना

दिवसाचा रेट ऐकून खूश होऊ नका. त्यात किती किलोमीटर, वरच्या किलोमीटरला काय, टोल कोणाचा, ड्रायव्हरचा भत्ता, जनरेटरचं डिझेल, साफसफाईचे पैसे, हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. एका ठिकाणी आम्हाला दाखवली एक गाडी आणि निघायच्या सकाळी दारात आली दुसरी, बंक तीन इंचांनी अरुंद, आणि वर 'सेमच आहे ना' हे ऐकवलं. तेव्हापासून मी ज्या गाडीत पोरांना झोपवून बघितलं तिचा नंबर बुकिंगच्या मेसेजमध्ये टाकून घेते, आणि दुसरी गाडी आली तर डिपॉझिट परत अशी ओळही. गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा, बाहेरून सगळीकडून, आत गाद्या उचलून, शिडी, कठडे, पाण्याचा पंप चालू करून, फ्रीज थंड आहे की नाही हात घालून. मालकाला समोर उभं करूनच काढा, आणि स्टेपनी, जॅक, अग्निशामकाची तारीख हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या.